जिंकलेला वाद

"पण बाबा, जिंकूनही मला असं जड जड का वाटतंय?"

विश्वंभरानं दारातूनच विचारलं. सभेत मिळालेली शाल अजून त्याच्या खांद्यावर होती.

त्याचे गुरू निर्मळनाथ मठाच्या चुलीवर पिठलं ढवळत होते. "काय जिंकलास?"

"वाद. शंभूशास्त्र्यांशी! चांगलं-वाईट असं जगात काही नसतंच, हे सिद्ध केलं मी. सूर्य आहे, तो सगळ्यांना सारखाच दिसतो. धर्म मात्र कुणाला पोथीत दिसतो, कुणाला सुखात, कुणाला मनात. ज्ञानी माणसांचंच एकमत नाही. म्हणजे तो माणसांनी पाडलेला नुसता प्रघात."

"वा! मग शास्त्री काय म्हणाले?"

"म्हणाले, तळं किती खोल यावर गावात दहा मतं असतील, म्हणून तळ्याला खोलीच नाही असं होतं का?" विश्वंभर घुटमळला. "मला उत्तर सुचेना. मग मी त्यांचं बोलणं फिरवलं. म्हटलं, ऐका, शास्त्रीबुवांच्या मते दहाही मतं खरी! लोक खो खो हसले. म्हाताऱ्याला शब्द फुटेना..."

"तुझी चलाखी कुणाच्या लक्षात आली?"

"कुणाच्याच नाही."

"मग झालं तर. जेव."

नाथांनी भाकरी वाढली. विश्वंभरानं घास मोडला. तो हातातच राहिला.

"बाबा, मी परत जातो. भर सभेत सांगतो, की मी लबाडी केली."

"का बरं? वाईट तर काही नसतंच ना?"

विश्वंभरानं हातातला घास ताटात ठेवून दिला.

"हरशील."

"हरेन."

"आणि चांगलं-वाईट नसतंच, हे तुझं म्हणणं उद्या खरंच निघालं तर?"

विश्वंभर ताटावरून उठून उभा राहिला.

"तरी जाणार!"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा कुठच्या कुठे गेला. नाथही हसू लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. पिठलं खाली लागलं, तरी कुणी पातेलं उतरवेना.

विश्वंभरानं धोतर वर खोचलं आणि धावतच अंगण ओलांडलं. कुंपणापाशी मात्र थबकला.

"बाबा! लोक विचारतील, मग चांगलं-वाईट खरोखर असतं की नसतं? काय सांगू?"

नाथांनी हातातली पळी उंचावली.

"सांग, ते ठरेपर्यंत थांबायला वेळ नाही!"