सैल गाठ

“…एवढं सगळं लिहूनही मुलं नुसती बसून राहिली, तर माझं चुकलं कुठं, गुरुजी?”

शर्वाणीबाई विहिरीच्या पायरीवर बसून विचारत होत्या. मांडीवर नववीच्या संगणकाचा अभ्यासक्रम, तिसऱ्यांदा लिहिलेला. कोणतं बटण कधी दाबायचं, ते चित्रासकट. ताट वाढलेलं, घाससुद्धा कालवलेला. मुलांनी फक्त तोंड उघडायचं.

अंबादास गुरुजींनी त्यांना शाळेत सुतारकाम शिकवलं होतं आणि याच विहिरीत पोहायला. आता ते पोहायला शिकणाऱ्या रेणूच्या पाठीवर तरंगण्यासाठी वाळका भोपळा बांधत होते. रेणू बाईंच्याच वर्गातली.

“काल कोरा पडदा समोर ठेवला,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, मनातलं काहीही बनवा. सगळी हात मांडीवर ठेवून बसली. ही रेणूसुद्धा. मला रडू आलं हो. सोमवारी हे तालुक्यातल्या सगळ्या शाळांसाठी छापायला जाणार… आणखी काय घालू यात?”

गुरुजींनी भोपळ्याच्या दोरीला गाठ मारली.

“गुरुजी, ती गाठ सैल आहे.”

बाईंनी आवळायला हात पुढं केला. गुरुजींनी तो अलगद बाजूला सारला. रेणू पाण्यात उतरली.

दुपार कलली होती. पाण्यावरचं ऊन विहिरीच्या दगडांवर हलत होतं. कपारीत पारवे घुमत होते. रेणूचे हात संथ चालले होते, झोपेत असल्यासारखे. बाईंचे डोळे जडावले. आपण इथं कशाला आलो, तेही त्या क्षणभर विसरल्या.

“तुझा भोपळा मी कोणत्या दिवशी सोडला?” गुरुजींनी विचारलं. ते आता शेवटच्या पायरीवर होते, पाय पाण्यात सोडून.

बाईंनी खूप आठवून पाहिलं.

“…नाही आठवत.”

“हं.”

पलीकडच्या काठाला काहीतरी तरंगत होतं. पिवळं, गोल. मागं दोरीचं टोक.

भोपळा.

आणि रेणू मधोमध, खोल पाण्यावर, आपल्याच नादात हात मारत होती.

बाई ताडकन उठल्या. अभ्यासक्रमाची फाईल मांडीवरून घसरली. हाक ओठांवर आली…

पाण्यावरची नजर न काढता गुरुजींनी हात वर केला.

“ओरडू नकोस. तिला अजून कळलेलं नाही.”