जांभळाच्या रंगाचा अंगरखा

येसू रंगारीण नदीकाठी रंगाचे रांजण मांडून बसायची, पण कामापेक्षा स्वप्नंच जास्त बघते, असं गाव म्हणे. गिऱ्हाईक आलं की ती त्याला काठावर उभं करायची आणि हलत्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब बघत बसायची. रंग तिला तिथेच सुचायचा.

जहागीरदार मानाजीराव वर्णाने सावळे आणि पोटाने सुटलेले, पण हौस पिवळ्याजर्द, कमरेत आवळलेल्या जरीच्या अंगरख्याची. दसऱ्याच्या दरबारासाठी त्यांनी येसूला नवा अंगरखा करायला सांगितला. तिने त्यांनाही काठावर उभं करून पाण्यात निरखलं, मग साधं कापड पिकल्या जांभळाच्या रंगात बुडवलं आणि शिंप्याकडून सैल, सरळ खाली पडेल असा अंगरखा शिवून घेतला.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला गढीवर बोलावणं आलं.

"गेल्या वर्षी पिवळ्या अंगरख्याची गावभर तारीफ झाली," राव कडाडले. "काल तुझ्या अंगरख्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तुझे रांजण फोडून टाकतो."

येसू त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू ते अजून पाण्यातच तरंगताहेत. "मग काल लोक काय म्हणाले, सरकार?"

"म्हणणार काय? तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू लग्नातल्यासारखे दिसतात."

"गेल्या वर्षी लोकांना अंगरखा दिसला, सरकार. काल तुम्ही दिसलात."

रावांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "आणि त्या पिवळ्याचं काय करू?"

"तो दरबारात खुंटीला टांगून ठेवा. त्याची तारीफ व्हायला आत माणूस लागत नाही."