फडके बांधलेला अंगठा

एका मठात पोथ्यांच्या नकला करणारा एक शिष्य होता. अक्षर देखणे, पण दुपार कलली की डोके ठणकू लागे. एका यात्रेकरूने त्याला अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदू दाबायला शिकवले. आज आपण ज्याला अ‍ॅक्युप्रेशर म्हणतो, तेच. कधी ठणका उतरे, कधी उतरत नसे. उतरला की शिष्य म्हणे, बिंदू नेमका सापडला. नाही उतरला की म्हणे, आपलेच बोट चुकले. मग तो आणखी जोर लावी. होता होता डावा हात काळानिळा पडला, उजवा अंगठा सुजला आणि लेखणी थरथरू लागली. आता हातची पोथी काढून घेतील, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी तो वृद्ध गुरूंकडे गेला. "महाराज, बिंदू मला नेमका सापडत नाही. तेवढा दाखवा."

गुरूंनी त्याच्यापुढे एक कवडी आणि एक फडके ठेवले. "डोकं दुखू लागलं की कवडी टाक. उताणी पडली तर हलक्या हाताने बिंदू दाब. पालथी पडली तर अंगठ्याला फडकं बांध आणि तेवढाच वेळ नुसता बस. कवडी कशी पडली आणि उठताना ठणका उतरला की नाही, ते भिंतीवर कोळशाने लिही. दोन महिने."

शिष्याला हा पोरखेळ वाटला, पण आज्ञा मोडवेना.

दोन महिन्यांनी दोघे भिंतीपुढे उभे राहिले. बिंदू दाबून जितक्या वेळा ठणका उतरला होता, जवळजवळ तितक्याच वेळा तो फडके बांधूनही उतरला होता. शिष्याचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस मी स्वतःलाच फसवलं."

"न्याय वाकडा केलास, एवढंच," गुरू म्हणाले. "ठणका उतरला की मान बिंदूचा, नाही उतरला की दोष बोटाचा. अशा चौकशीत बिंदू कधी हरणार, आणि तू कधी सुटणार? बाळा, दोन्ही वेळी तू लेखणी खाली ठेवलीस, डोळे मिटलेस, स्वस्थ बसलास. बहुधा डोकं तेवढंच मागत होतं. बिंदूत गुण असेलही. या भिंतीवर मात्र तो दिसला नाही. बरं वाटत असेल तर हलकेच दाब. दुखणं वाढलं तर वैद्याकडे जा. बोटाला शिक्षा करू नकोस."

शिष्याने अंगठ्याकडे पाहिले. सूज केव्हाच ओसरली होती. आपले बोट कधी चुकलेच नव्हते, हे कळून त्याला इतके हलके वाटले की तो एकटाच हसत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताच, डोके दुखायची वाट न पाहता, त्याने लेखणी खाली ठेवली.