खुंटीचे बारसे

महादबा गुरवांकडून हे ऐकले त्याला फार वर्षे झाली. आठवणीत काही मागेपुढे झाले असेल. गाभा मात्र हाच असावा.

घाटाखालच्या करंजवाडीत बारशाच्या दिवशी, पाळणा हलवण्याआधी, भिंतीतली एक खुंटी काढून पुन्हा ठोकतात. येणारे पाहुणे कारण विचारत, आणि महादबा देवळाच्या पायरीवर बसून सांगत.

दरड कोसळून वाडीतली मातीची घरे गेली, त्या साली यानूमिस्त्री तिथे होता. महायुद्धाने देशोधडीला लागलेला पोलंडचा माणूस, घरांचे आराखडे करणारा. त्याने नदीकाठी जाड फळ्यांच्या अख्ख्या भिंती तयार केल्या, त्या माणसांच्या खांद्यांवरून वर नेल्या आणि एका सकाळीत घर उभे केले. माती नाही, खिळा नाही. सगळा भार लाकडी खुंट्यांवर.

लोक लांबूनच बघत. "चारी अंगानं लाकूड," हौसाक्का सुईण म्हणाली, "सरणात कोण निजणार गा?"

हे घर ओस पडले तर बाकीची उभी राहणार नव्हती, आणि वाडी गवताच्या तात्पुरत्या छपरांखाली कुडकुडत होती. शेवटी नाइलाजाने वाडीतली भागाआई पोटुशा सुनेला, सगुणाला, घेऊन राहायला गेली.

श्रावणात एका दुपारी सगुणाला कळा सुरू झाल्या. हौसाक्का धावत आली, पण दार हलेना. यानूने बर्फाच्या वाऱ्याला अडवायची आपल्या मुलखातली सवय इथेही पाळली होती. दार चौकटीत घट्ट बसवले होते आणि ओलीने ते फुगले होते. आतून भागाआई हाका मारीत होती. कुणी कुऱ्हाड आणायला पळाले. आपल्या चुकीने हे सरणच ठरणार, एवढेच यानूच्या मनात होते म्हणे.

मग त्याला खुंट्या आठवल्या. त्या त्याने करंजेलात, करंजाच्या तेलात, मुरवल्या होत्या, म्हणून फुगल्या नव्हत्या.

"दार नाही," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "भिंत."

लाकडी मोगरीच्या ठोक्यांनी खुंट्या निघाल्या. माणसांनी भिंत उचलून बाजूला ठेवली आणि हौसाक्का आत शिरली.

काही वेळाने बाळ रडले. यानू चिखलातच बसला. हौसाक्का हात पुसत बाहेर आली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "सरणातनं कोण भाईर येत न्हाई. हितनं तर नवं माणूस आलं. घरच हाय ह्ये."

त्या साली सगळी वाडी लाकडी घरांत गेली. दारे तेवढी यानूने सैल केली.

आजही बारशाला खुंटी काढतात. महादबांच्या माघारी, कित्येक वर्षांनी, त्या पहिल्या घरातल्या बारशाला माझे जाणे झाले. बाहेर पाऊस लागून राहिला होता. खुंटी मोगरीच्या एका ठोक्यात निघाली, आणि तिला करंजेलाचा वास येत होता.