खोट्या शिंगाचा गूळ

केळवी नदीच्या घाटावर सरकारी पाणमोजणी केंद्र आहे. तिथली काळी-पांढरी मोजपट्टी नीट बघा. धोक्याची तांबडी रेघ सरकारची; तिच्या हातभर खाली शेंदराचं बोट ओढलंय, ते गावाचं. मोजणारे साहेब बदलतात, पण भोंगा शेंदरावरच वाजतो.

असं सांगतात, की पट्टीच्या आधी इथं नुसता खुणेचा खांब होता आणि त्याची राखण धाकू कोळ्याकडं होती. पाणी खुणेला लागलं की त्यानं शिंग फुंकायचं, अन् खालच्या वाडीनं पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन टेकडी गाठायची. धाकूची एकुलती एक लेक सगुणा त्याच वाडीत दिलेली. बापाचा जीव तो! एका श्रावणात पाणी हातभर खाली असतानाच त्यानं शिंग फुंकलं. वाडी टेकडीवर भिजत बसली आणि पाणी निमूट ओसरलं. मग काय, सगळ्यांनी सगुणेला टोचून खाल्लं. सासू पारूबाई तर येताजाता म्हणे, "तुझ्या बापाला डबकं दिसलं तरी पूर वाटतो!"

ते धाकूच्या जिव्हारी लागलं. पुढच्या पुराला, भर दुपारी, तो शिंग ओठाशी धरून खांबापाशी उभा राहिला. लेकीला पुन्हा बोल लागू द्यायचा नाही. पाणी खुणेला टेकल्याशिवाय फुंकायचं नाही. हातभर उरलं, वीतभर उरलं. तेवढ्यात वरून लोंढा आला आणि खूणच दिसेनाशी झाली. त्यानं ऊर फुटेस्तोवर फुंकलं. वाडी धावली, बरीचशी वाचली. सगुणा सासूला टेकडीवर चढवून गाय सोडायला परतली, ती गेलीच.

त्यानंतरही धाकूनं खांब सोडला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यानं पुन्हा हातभर आधीच शिंग फुंकलं आणि पाणी पुन्हा ओसरलं. आता शिव्या येणार म्हणून तो मान खाली घालून बसला. आली ती पारूबाई, पदरात गूळ-खोबरं घेऊन.

"इवाई, खोटं तर खोटं, वाजवत जावा," ती रडत म्हणाली. "माझ्या जिभंपायी तुमी थांबलासा, अन् माझी सून गेली."

धाकूनं गुळाचा खडा तोंडात घातला. मग शिंग पुसून पुन्हा खांबाला अडकवलं, म्हणे.

आजही भोंगा वाजून पूर आला नाही, की वाडीतली एखादी बाई मोजणाऱ्याच्या हातावर गूळ-खोबरं ठेवते. नवा साहेब ओशाळून माफी मागायला लागला, तर ती एवढंच म्हणते, "लेकी घरात हायेत, साहेब. खावा."