दुसऱ्या टोकाचं नाव

"पण नाना, या पाचव्या यंत्रात त्या टोकाला म्हणतात तरी काय…?"

नाना टिपणीस सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

विचारणारा यशोधन उपळेकर. नानांच्या कार्यशाळेतला सगळ्यांत हुशार शिष्य, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. नानांचा शब्द होता, ज्याचा प्रोग्राम पाचही यंत्रांवर चालेल त्याच्या हाती कार्यशाळा. मुदत आज संध्याकाळपर्यंत. चार यंत्रं यशोधननं जिंकली होती. पाचवं हटून बसलं होतं.

काम काय, तर खरा पडदा नाही, खरा कळफलक नाही, तरी प्रोग्रामला ते आहेत असं भासवायचं. त्यासाठी युनिक्स या संगणक-प्रणालीच्या घराण्यातलं कुठलंही यंत्र दोन टोकांची जोडी देतं. एक टोक आपल्याकडे, दुसरं प्रोग्रामकडे. आता भावकी म्हटली की प्रत्येकाची तऱ्हा निराळी, तसं या दुसऱ्या टोकाचं नाव दर घरी वेगळं.

"मला सगळी पाठ आहेत," यशोधन म्हणाला. "जुन्या बीएसडीत टीटीवायपी-शून्यपासून पुढं. लिनक्सवर पीटीएसखाली नुसता आकडा. मॅकवर टीटीवायएस आणि तीन आकडे. माझा प्रोग्राम एकेका नावाचं दार ठोठावतो, रिकामं मिळालं की शिरतो. इथं एकही उघडत नाही."

"बरीच पाठ केलीस," नाना उठले. "चल, जेवून घे."

पंगत बसली होती. दोन वर्षं यशोधन सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या पानावर बसत आला होता. आज उशीर झाला, तिथं दुसराच कुणी. तो पुढच्या पानाशी वाकला.

"हे धरलंय."

त्याच्या पुढचं.

"इथं सुलभा बसणार आहे. हात धुवायला गेलीये."

असं करत करत सात पानं झाली. पोटात कावळे ओरडत होते आणि सगळी पंगत तोंड लपवून हसत होती. यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती दारं ठोठावलीस?" नानांनी विचारलं.

"सात."

"वाढप्याला विचारलंस?"

भाताचं पातेलं घेऊन कासमभाई समोरच उभे होते. "तुमचं पान मघाशीच मांडलंय की, उपळेकर. त्या खांबाकडं. इथं पान कुठलं ते वाढणाऱ्यानं सांगायचं असतं."

यशोधन खांबाकडं गेलाच नाही. तसाच उपाशी वळला आणि धावत सुटला.

यंत्रासमोर बसून त्यानं प्रोग्राममधली नावांची यादी पुसायला घेतली. दोनशे ओळी, दोन वर्षांची कमाई. जीव तुटला त्याचा. पण पुसली.

मग त्यानं यंत्राकडं नुसती एक जोडी मागितली. हातात आलेल्या टोकालाच विचारलं, तुझा जोडीदार कोण? जे उत्तर आलं ते जसंच्या तसं प्रोग्रामच्या हवाली केलं.

पाचवं यंत्र चाललं.

तोच प्रोग्राम, अक्षरही न बदलता, पहिल्यावर चालला. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर चालला. यशोधन असा ओरडला की सगळी पंगत उष्ट्या हातांनी धावत आली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. कासमभाईंनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. आनंदानं त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

सुलभा वही उघडून पुढं आली. "पाचव्याचं नाव काय निघालं? सांग, लिहून ठेवते."



"अगं…" यशोधन म्हणाला, "मी बघितलंच नाही."

नानांनी कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली.

"लिही सुलभा," ते म्हणाले, "याला आता सगळी नावं येतात."