तबिथाबाईंचं जातं

फार वर्षांपूर्वीची, मेंढेगव्हाणात पिठाची गिरणी आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या पुढारी होत्या तबिथाबाई. त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की झाडावरचे पक्षीसुद्धा गप्प बसत, असं म्हणतात.

माणसं मात्र भीतीनं गप्प बसत. कुणाचं काही चुकलं, की बाई ते त्याला सांगत नसत. रविवारी भर मंडळीत, डोळे मिटून, देवाला सांगत. "हे प्रभू, आमच्यातला एक जण उपासनेत पेंगतो. नाव तुला ठाऊक आहेच." नाव साऱ्या गावालाच ठाऊक असे. शेवटी त्या पेंगणाऱ्यालाही 'आमेन' म्हणावं लागे.

मंडळीत फिबी नावाची तरुण सून होती. चिंचेखाली ती मुलांना वाचायला शिकवी. शिकवी छान, पण चुकलं की कान पिळी. एका रविवारी बाईंनी डोळे मिटले. "हे प्रभू, जे हात लेकरांचे कान पिळतात, ते तूच आवर."

सगळे आमेन म्हणाले. फिबी उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद पडली. शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. महिनाभरात मुलं 'म' काढायला सांगितला तर 'भ' काढू लागली.

बाईंना कळेना. आपण एक अक्षर खोटं बोललो नाही, मग पोर एवढी दुखावली कशानं? विचारायला त्या फिबीच्या घरी गेल्या. ती ज्वारी दळत होती. तिनं वर पाहिलं नाही. बाई समोर बसल्या आणि त्यांनी जात्याच्या त्याच खुंट्याला हात घातला.

"माझं मी दळीन."

"दळशील गं. पण सांग, मी खोटं बोलले का?"

"नाही, बाई. पण माझी चूक देवाच्या कानात सांगितलीत, माझ्या कानात का नाही? आणि वीस लेकरं वाचायला लागली, ते देवाला कधी सांगितलंत?"

जातं थांबलं. बाईंनी आठवून पाहिलं. एकदाही सांगितलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "नातवानं पहिलं स्तोत्र वाचलं तेव्हा मी रडले होते. तुला बोलले नाही." मग खुंटा फिरवत म्हणाल्या, "पण पोरी, कान पिळू नकोस. तो घरीही कान धरून वाचतो."

फिबीनं रागानं खुंटा ओढला. बाईंनी सोडला नाही. "खरंच धरतो?" फिबीनं विचारलं.

"दोन्ही हातांनी. पान मला उलटावं लागतं."

फिबीला हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडू.

असं म्हणतात, त्या दिवशी सुपातली ज्वारी संपेचना. बायका टोपल्या भरभरून पीठ घेऊन गेल्या, आणि जात्याची घरघर नदीपलीकडच्या गावात ऐकू गेली. सोमवारी चिंचेखाली पुन्हा मुलं बसली.

आता मेंढेगव्हाणात दोन गिरण्या आहेत, तरी चर्चच्या ओसरीत एक जातं आहे, 'तबिथाबाईंचं जातं' म्हणतात त्याला. कुणाची चूक सांगायची असेल, तर त्याच्यासोबत ओंजळभर धान्य दळायचं. आधी त्याचं चांगलं बोलायचं, मग चुकलेलं. भर प्रार्थनेत माणूस आठवायचा तो फक्त आभारासाठी.

गेल्या वर्षी नवे पाळक आले. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, "हे प्रभू, आमच्यातले काही जण उशिरा येतात..."

मागून एक म्हातारी म्हणाली, "पाळकसाहेब, आधी पीठ!"

त्या दुपारी पाळकसाहेबांना सात जणांसोबत दळावं लागलं.